पौंडामागें एक सेंट

आम्ही गणिताचे मास्तर. पुण्यांतील एका शाळेंत तेहतीस वर्षें त्रैराशिक, सरळव्याज आणि नफा-तोटा शिकवून आम्ही निवृत्त झालों. दुसऱ्यांच्या नफ्या-तोट्याचीं इतकीं उदाहरणें सोडविल्यावर जगाचा हिशेब आपल्याला कळला आहे, असा एक समज मास्तर मंडळींच्या ठिकाणीं हळूहळू वाढीस लागतो. तो आमच्याही ठिकाणीं लागला होता. तो कसा गेला, आणि साठी उलटल्यावर एका वीस वर्षांच्या पोरीनें आम्हांला पुन्हां पाटी-पेन्सील हातीं घ्यावयास कसें लावलें, तें सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच आहे.

आमची कन्या व जांवई अमेरिकेंत फ्लॉरिडा संस्थानांत राहतात. त्यांच्याकडे हिंवाळ्याचे तीन महिने काढण्यासाठीं आम्ही उभयतां गेलों होतों. नात विद्यापीठांत शिकते. ती सुटींत घरीं आली होती. एके दिवशीं सगळीं मंडळी मोटारींतून समुद्र पाहावयास निघालों. दुपार टळली, पोटांत कावळे ओरडूं लागले, आणि रस्त्याच्या कडेला एका नांवाजलेल्या उपाहारगृहाची पाटी दिसली. बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या हें आमचें परदेशांतील एकमेव व्यसन. आम्ही लगबगीनें उतरलों. पाहतों तों नात जागची हलली नाहीं.

"तुम्ही खाऊन या, आजोबा," ती म्हणाली, "मी इथें खात नाहीं."

"आज उपास आहे कीं काय?"

"उपास नाहीं. बहिष्कार आहे."

हा शब्द तिच्या तोंडून ऐकून आम्हांला हसूं आलें, आणि लगेच तें ओठांवर विरलें. कारण हा शब्द आमच्या घरांत नवा नव्हता. इ. स. १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळींत आमच्या आजोबांनीं विलायती साखर सोडली, आणि पुढें देशी साखर मिळूं लागल्यावरही जन्मभर गुळाचाच चहा घेतला. त्यांची ती गोष्ट आम्हीं वर्गांत मुलांना किती वेळां अभिमानानें सांगितली असेल! आजोबांचा बहिष्कार तो त्याग, आणि नातीचा बहिष्कार तो मात्र हट्ट, असा भेद करावयास आम्हांला कोणतेंच प्रमेय सांपडेना. तरी आम्ही काचऱ्या खाल्ल्या. त्या नेहमींसारख्या लागल्या नाहींत एवढें खरें. परत येऊन पाहतों तों आमच्या सौभाग्यवती नातीशेजारीं बसून तिला पिशवींतला चिवडा भरवीत होत्या. प्रमेयाच्या शोधांत न पडतां त्यांनीं आपली बाजू केव्हांच ठरविली होती.

रात्रीं जेवणें झाल्यावर नातीनें आम्हांला सारी हकीकत सांगितली. तिचें मराठी थोडें अडखळत चालतें, परंतु त्या रात्रीं तें फारसें अडखळलें नाहीं.

फ्लॉरिडाच्या नैर्ऋत्य भागांत इमॉकली नांवाचें एक गांव आहे. तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेंत या शब्दाचा अर्थ "माझें घर" असा सांगतात. त्याच जिल्ह्यांत, समुद्रकांठीं, नेपल्स हें श्रीमंतांचें टुमदार शहर आहे. इमॉकलींत मात्र राहतात ते टोमॅटो तोडणारे मजूर. मेक्सिको, ग्वाटेमाला, हैती अशा देशांतून आलेले. हिंवाळ्यांत अमेरिकेच्या उत्तरेकडील शेतें बर्फाखालीं निजलेलीं असतात, तेव्हां त्या देशांत जो ताजा देशी टोमॅटो खाल्ला जातो त्याचा फार मोठा भाग याच मजुरांच्या हातांतून गेलेला असतो. आणि हे मजूर कायद्याच्या हातांतून निसटलेले! कामगारांना संघ बांधण्याचा व मालकांशीं बोलणीं करण्याचा हक्क देणारा कायदा त्या देशानें १९३५ मध्यें केला. त्यांतून शेतमजुरांना मुद्दाम वगळण्यांत आलें. १९६० मध्यें थँक्सगिव्हिंगच्या सणाला लोक भरल्या ताटावरून उठले असतील-नसतील, तोंच एडवर्ड मरो या नामांकित वार्ताहरानें याच मजुरांच्या दैन्याचा चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविला. देश हळहळला. हळहळून पुन्हां जेवावयास बसला.

आतां हिशेब पाहा. मजुरी दिवसावर नव्हे, बादलीवर. एका बादलींत ३२ पौंड, म्हणजे सुमारें साडेचौदा किलो टोमॅटो. ती भरावयाची, खांद्यावर घ्यावयाची, धांवत गाडीपाशीं न्यावयाची, वर उभ्या असलेल्या माणसाकडे फेंकावयाची, आणि मग चाळीसेक सेंट मिळावयाचे. वीस वर्षांत हा दर जवळजवळ हलला नव्हता. नातीनें आमच्यापुढें कागद सरकविला. "आजोबा, दिवसाला पन्नास डॉलर मिळवायला किती बादल्या?" उदाहरण तिसऱ्या इयत्तेचें होतें. आम्हीं मांडलें: एकशें पंचवीस बादल्या, एकशें पंचवीस गुणिलें बत्तीस, चार हजार पौंड, अठराशें किलोंहून अधिक. एका माणसानें, एका दिवसांत, वांकून. आम्हीं उत्तराखालीं दोन रेघा ओढल्या. आयुष्यांत प्रथमच त्या रेघा ओढतांना हात जड झाला.

शिवाय बादलीला शीग! आमच्या लहानपणीं गांवांत धान्य मापतांना शेराला शीग लावीत. देणाऱ्याचा हात सढळ असल्याची ती खूण असे. तेथें ती घेणाऱ्याच्या हांवेची खूण होती. बादली कांठोकांठ भरून चालत नसे. वर शिगेचा ढीग असला तरच ती भरली म्हणावयाची, आणि त्या शिगेचे टोमॅटो अर्थात् फुकट.

या गांवांतले कांहीं मजूर १९९३ मध्यें एका चर्चच्या खोलींत जमूं लागले. त्यांतून "कोअॅलिशन ऑफ इमॉकली वर्कर्स" ही संस्था उभी राहिली. १९९६ मध्यें एका कोंवळ्या पोराला पाणी प्यावयास थांबल्याबद्दल मुकादमानें रक्तबंबाळ केलें. त्या रात्रीं त्याचा रक्तानें माखलेला सदरा हातीं धरून शेंकडों मजूर मुकादमाच्या दाराशीं गेले, आणि एकाला मारलें तें सगळ्यांना मारलें, असें सांगून आले. त्यांनीं संप केले. १९९७ च्या अखेरीस सहा जणांनीं तीस दिवस अन्न सोडलें. २००० मध्यें फोर्ट मायर्सपासून ऑर्लंडोपर्यंत दोनशें तीस मैल पायीं चालत गेले. बागायतदार बोलावयास तयार होईनात. ट्रॅक्टर कांहीं शेतकऱ्याला शेती कशी करावी तें सांगत नाहीं, असें एका बागायतदाराचें उत्तर त्या चळवळीच्या इतिहासांत नमूद आहे. आम्हांला वाटतें, सगळा तंटा या एका वाक्यांत आहे. माणसाला यंत्र म्हटलें कीं त्याला तेल पाजलें म्हणजे पुरे. त्याच्याशीं बोलावें लागत नाहीं.

येथपर्यंत आम्ही ऐकत होतों तें दुःखद होतें, परंतु नवलाचें नव्हतें. नवल यापुढें होतें. या निरक्षर म्हणून हिणविल्या गेलेल्या मजुरांनीं एक गोष्ट हेरली, जी आम्हां शिकलेल्यांना सुचली नसती. त्यांनीं विचारलें, बागायतदार आम्हांला कमी कां देतो? कारण त्याला कमी मिळतें. त्याला कमी कोण देतो? ज्या मोठमोठ्या उपाहारगृहांच्या व दुकानांच्या साखळ्या लाखों पौंड टोमॅटो एकदम उचलतात, त्या भाव पाडून मागतात म्हणून. मग मागणें तेथेंच जाऊन करावें. आणि मागणें तरी केवढें? पौंडामागें एक सेंट अधिक. तो सेंट मजुराच्या पाकिटांत पडावा, आणि जो बागायतदार माणसाला माणसासारखें वागवील त्याच्याकडूनच माल घ्यावा. आम्हीं पुन्हां कागद ओढला. पौंडाला एक सेंट म्हणजे बादलीला बत्तीस, चाळिसाचे बहात्तर. खाणाऱ्याला एका फोडीमागें कळणारही नाहीं असा एक सेंट, आणि तोडणाऱ्याची मजुरी जवळजवळ दुप्पट! आम्हीं हजारों उदाहरणें सोडविलीं, पण असें सुंदर उदाहरण आमच्या पाठ्यपुस्तकांत आलें नव्हतें.

पण हें मागणें ऐकणार कोण? मजुराचा बहिष्कार त्या साखळ्यांना काय टोंचणार? तो तेथें खातच नव्हता. खात होतीं तीं विद्यापीठांतलीं मुलें. याच वयाच्या मुलांना डोळ्यांपुढें ठेवून टॅको बेल या कंपनीच्या जाहिराती चालत. म्हणून २००० मध्यें "स्टुडंट-फार्मवर्कर अलायन्स" या नांवाचा विद्यार्थ्यांचा मेळ जमला, आणि २००१ मध्यें मजुरांनीं टॅको बेलवर बहिष्कार पुकारला तेव्हां हीं मुलें पुढें सरसावलीं. त्यांनीं काय केलें? बाँब फेंकले नाहींत, कांचा फोडल्या नाहींत. आपापल्या विद्यापीठाच्या आवारांत ज्या कंपनीचें दुकान आहे, तिच्याशीं केलेला करार पुन्हां वाचून पाहा, एवढेंच त्यांनीं चालकांना सांगितलें. आणि तें सांगत राहिलीं. सभा घेतल्या, पत्रकें वांटलीं, टोमॅटोची बादली चौकांत ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला "उचलून पाहा" म्हटलें. २००३ मध्यें कॅलिफोर्नियांत आयर्व्हिन येथें कंपनीच्या कचेरीपुढें मजूर व विद्यार्थी दहा दिवस उपाशी बसले. वीसहून अधिक शाळा-विद्यापीठांनीं त्या कंपनीला बाहेर काढलें किंवा आंत येऊं दिलें नाहीं. चार वर्षांनीं, ८ मार्च २००५ रोजीं, कंपनीनें मागण्या मान्य केल्या. २००७ मध्यें मॅक्डोनाल्ड्स, २००८ मध्यें बर्गर किंग यांनीं तोच मार्ग धरला.

बर्गर किंगचें प्रकरण तर नाटकांत शोभण्यासारखें आहे. त्या कंपनीसाठीं काम करणाऱ्या एका खासगी पाळत-संस्थेच्या मालकिणीनें आपण विद्यार्थिनी आहों असें भासवून या मुलांच्या बैठकींत शिरकाव करण्याचा यत्न केला, आणि तो वर्तमानपत्रांत उघडकीस आला. अब्जावधींची उलाढाल असणाऱ्यांना पत्रकें वांटणाऱ्या पोरांची एवढी धास्ती वाटावी, यावरून पोरांचा बाण कोठें लागला होता तें कळून येईल.

आमचे जांवई अभियंते आहेत. मनुष्य मनानें थोर, पण प्रत्येक गोष्ट पारखून घेणारा. ते म्हणाले, "बाबा, त्या मजुरांना कोणी बांधून तर ठेवलेलें नाहीं. परवडत नसेल तर दुसरें काम पाहावें." नातीनें शांतपणें सांगितलें कीं, कांहींना खरोखरच बांधून ठेवलेलें होतें. २००७ च्या नोव्हेंबरांत इमॉकलींतील कांहीं मजूर एका मालमोटारीच्या बंद डब्याच्या छताजवळील झरोका फोडून पळाले. रात्रीं त्यांना त्यांत कोंडीत असत. २००८ मध्यें त्या प्रकरणीं न्यायालयानें मुख्य आरोपींना प्रत्येकीं बारा वर्षांची शिक्षा दिली. जांवईबापू कांहीं वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं दुसरी शंका काढली: "त्या एका सेंटानें सुटतें काय? कंपनी सेंट देईल आणि बागायतदार खिशांत घालील." ही शंका मात्र खरी होती. २००७ मध्यें फ्लॉरिडाच्या टोमॅटो बागायतदारांच्या संघानें, जो सभासद हा सेंट मजुरांपर्यंत पोंचवील त्याला मोठा दंड करूं, अशी धमकीच दिली होती. तो संघ नमला २०१० च्या नोव्हेंबरांत. तेव्हांपासून "फेअर फूड प्रोग्रॅम" या नांवाची व्यवस्था फ्लॉरिडाच्या टोमॅटो-शेतीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक भागांत सुरू झाली. २०१४ मध्यें वॉलमार्टसारखी बलाढ्य कंपनीही तींत आली.

आणि या व्यवस्थेंत सेंटाहून मोलाच्या गोष्टी पुढेंच आहेत. शेतांत सांवली पाहिजे, पिण्याचें पाणी पाहिजे. मजूर कामावर किती वाजतां आला व गेला याची नोंद घड्याळ करील, मुकादम नव्हे. बादलीची शीग बंद. मजुरांनींच मजुरांना त्यांचे हक्क समजावून सांगावयाचे, आणि तेंही पगारी वेळांत. तक्रार केव्हांही, रात्रीं-अपरात्रीं करतां येईल; ती ऐकण्यासाठीं व शेतें तपासण्यासाठीं २०११ पासून एक स्वतंत्र मंडळ नेमलेलें आहे. ज्याच्या शेतांत वेठबिगार सांपडेल त्याचा माल करारांत आलेल्या कंपन्या घेणार नाहींत. कायद्याला जें जमलें नव्हतें तें गिऱ्हाइकाच्या पाठबळावर उभ्या असलेल्या करारानें केलें.

हें सारें ऐकून आम्हांला इमॉकली पाहण्याची इच्छा झाली. नात आम्हांला घेऊन गेली. पहांटेचे पांच वाजले होते. एका दुकानापुढच्या पटांगणांत रंग दिलेल्या जुन्या शाळेच्या बसगाड्या उभ्या होत्या, आणि त्यांच्याभोंवतीं टोप्या घातलेलीं माणसें, हातांत जेवणाच्या पिशव्या. अंधारांत कोंबडे आरवत होते. अमेरिकेंत येऊन दोन महिने झाले होते, पण कोंबड्याची बांग आम्हीं प्रथमच ऐकली, आणि कां कोण जाणे, गांवाकडची आठवण होऊन पोटांत कालवलें.

संध्याकाळीं आम्ही मजुरांच्या बैठकीला बसलों. भिंतीवर एक चित्र लावलें होतें. त्यांत अक्षर एकही नव्हतें. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांनाही बोलतां यावें म्हणून तेथें चर्चा चित्रांवरून आणि नाटुकल्यांवरून चालते. नातीसारखीं चार-पांच विद्यार्थी मुलें होतीं, तीं मागच्या रांगेंत. खुर्च्या मांडल्या त्यांनीं, चहापाणी केलें त्यांनीं. बोललीं मात्र फार थोडें. आम्हांला नवल वाटलें. परत येतांना विचारलें तेव्हां ती म्हणाली, "आजोबा, आम्ही त्यांच्या वतीनें बोलायचं नाहीं. त्यांच्या शेजारीं उभं राहायचं, एवढंच." हें वाक्य आम्ही बराच वेळ मनांत घोळवीत होतों. आम्हां मध्यमवर्गीयांना गरिबांचा उद्धार करावयास फार आवडतें. परंतु उद्धार करणारा नेहमीं वर उभा असतो. शेजारीं उभें राहावयाचें म्हणजे आधीं खालीं उतरावें लागतें.

बैठक संपल्यावर एक ग्वाटेमालाचा मजूर आमच्याजवळ आला. वय पंचेचाळीसच्या घरांत असेल, दिसत होता साठीचा. नात दुभाष्याचें काम करीत होती. एका शेतकऱ्यानें दुसऱ्याला विचारावें तसें त्यानें आम्हांला विचारलें, "तुमच्याकडे काय पिकतें?"

आम्हीं मोठ्या उत्साहानें सांगितलें, "ऊस. आमचीही चार एकर वडिलोपार्जित जमीन आहे."

त्याचे डोळे चमकले. तरुणपणीं त्यानेंही आपल्या देशांत ऊस तोडला होता. तोडणीच्या वारानें झालेला डाव्या पोटरीवरील वण त्यानें दाखविला, आणि सहज पुसलें, "तुमच्याकडे तोडणाऱ्याला टनामागें काय मिळतें?"

नातीनें प्रश्न मराठींत आणला आणि उत्तरासाठीं आमच्या तोंडाकडे पाहूं लागली. तेहतीस वर्षें दुसऱ्यांना उत्तरें विचारणारा हा मास्तर गप्प उभा राहिला. इमॉकलीच्या बादलीचे पौंड, सेंट, सारें आम्हांला तोंडपाठ होतें. आमच्या स्वतःच्या बांधावरचा दर आम्हांला ठाऊक नव्हता. तो ठाऊक करून घ्यावा असें साऱ्या आयुष्यांत एकदांही वाटलें नव्हतें.

आमची जमीन आतां ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यांत आहे. चुलतभाऊ ती कसतो. हंगाम सरला कीं वांट्याचे पैसे पुण्याला येतात. आम्ही ते मोजतों. आम्ही मोजण्यांत तरबेज. दरसाल दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसांची मोजदाद तेथें अशी हत्यारावर होते. हंगामाआधीं मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेतों तोडावयाचें. आजारपणाचा खाडा पडला तर तोही अंगावर. पाचटाच्या कोप्यांत राहावयाचें, आणि रात्रीं-बेरात्रीं गाडी आली कीं उठून मोळ्या डोकीवर घेऊन फळीवरून चढावयाचें.

एका जानेवारींत आम्ही गांवीं गेलों होतों. बैलगाडीच्या सांवलींत आठ-नऊ वर्षांची एक मुलगी तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. मास्तरी जिभेला राहवेना; आम्हीं विचारलें, "कितवींत आहेस ग?" ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत तिसरींत होते." त्या उत्तराचें व्याकरण आम्हांला त्या वेळीं मोठें गमतीचें वाटलें. आम्हीं तिला बिस्किटांचा पुडा दिला, आणि आपण एक सत्कृत्य केलें असें समजून शेकोटीकडे हुरडा खावयास गेलों. इमॉकलीच्या त्या खोलींत, त्या मजुराच्या प्रश्नापुढें उभे असतां, तें वाक्य इतक्या वर्षांनीं आमच्या कानांत पुन्हां उमटलें; आणि या खेपेस त्यांत गमतीचें कांहींच नव्हतें.

त्याच रात्रीं आम्हीं चुलतभावाला पत्र लिहिलें. तीन प्रश्न विचारले: तोडणीचा दर काय आहे, टोळी पाणी कोठलें पिते, आणि मुलें शाळेंत जातात काय. त्याचें उत्तर आलें. भाऊ सरळ स्वभावाचा आहे, त्याच्या मनांत पाप नाहीं. त्यानें लिहिलें: "दादा, दर आपल्या हातांत नसतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना आपल्या बिलांतून कापून घेतो. टोळी मुकादम आणतो. पाणी विहिरीवरून नेत असतील. पोरांचें आपणांस काय ठाऊक?"

त्या "असतील" या क्रियापदापाशीं आम्ही बराच वेळ थांबलों. विहीर आमची, तिच्यापासून कोप्या दोनशें पावलांवर, आणि पाणी "नेत असतील"! मग ध्यानांत आलें कीं, हा शब्द भावाचा एकट्याचा नव्हे. फ्लॉरिडांत उपाहारगृहवाला म्हणे, मजूर आमचे नव्हेत, बागायतदाराचे. बागायतदार म्हणे, ठेकेदाराचे. आमच्याकडे शेतकरी म्हणतो कारखान्याचे, कारखाना म्हणतो मुकादमाचे, मुकादम म्हणतो कारखान्याचेच. असा हातचा पुढें सरकत जातो, आणि बेरजेंत कोठेंच मिळविला जात नाहीं. गणितांत अशा चुकीला आम्ही अर्धा गुण कापीत असूं.

आम्हीं उतावळेपणानें नातीला सांगितलें कीं, यंदाच्या वांट्यांतून कांहीं रक्कम टोळीला वांटून टाकूं. आम्हांला वाटलें होतें ती खूष होईल. ती म्हणाली, "आजोबा, द्या, पण त्याला एक सेंट म्हणूं नका. त्यांनीं दान मागितलं नव्हतं. किंमत मागितली होती. आणि काय पाहिजे तें त्यांनीं स्वतः सांगितलं होतं. तुम्हीं तुमच्या टोळीला विचारलंय का?"

विचारलें नव्हतें. आम्हीं भावाला विचारलें, टोळीला नव्हे.

आम्हांला भ्रम नाहीं. चार एकरांच्या धन्यानें साखरेचा धंदा सुधारत नाहीं. आणि टोमॅटोची फोड जशी दुकानांत ओळखूं येते, तसा साखरेचा दाणा कोणाच्या कोयत्याखालून आला हें बरणींत पाहून कळत नाहीं. फ्लॉरिडाच्या मजुरांचा मार्ग येथें जशाचा तसा चालेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या मुलांपाशीं अधिकार कोणता होता? खिशांत पैसा नव्हता, हातांत सत्ता नव्हती. आपण जें खातों तें येथवर कसें आलें हें विचारण्याचा जो हक्क प्रत्येक जेवणाऱ्याला आहे, तेवढाच त्यांनीं बजावला. आणि उत्तर मिळेतों प्रश्न सोडला नाहीं. आमच्या पानांत वाढलेल्या श्रीखंडाला तो हक्क लागू नाहीं असें थोडेंच आहे?

आम्ही आतां पुण्यास परत आलों आहों. चहा तसाच गोड लागतो. आजोबांसारखा गुळाचा चहा घेण्याचा निग्रह आमच्या अंगीं नाहीं, आणि गूळ तरी ऊस तोडल्यावांचून कोठून येणार? पण येत्या दिवाळीनंतर टोळी उतरेल तेव्हां पुण्यांत बसून वांट्याची वाट पाहावयाची नाहीं, असें आम्हां उभयतांचें ठरलें आहे. सौभाग्यवतींनीं चिवड्याचा मोठा डबा भरण्याचें आतांपासून बोलून ठेवलें आहे. त्यांना आम्हीं अडविलेलें नाहीं. आम्ही मात्र हातांत कांहीं न घेतां जाणार आहों. कोप्यांपाशीं जाऊन बसावयाचें, आणि प्रथम दर विचारावयाचा. त्यानंतर काय विचारावें, तें बहुधा तींच माणसें सांगतील.